वास आणि वासाची भीती

(अंबाजोगाई येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्मृती व्याख्यानमालेत कोणते विषय घ्यायचे याचा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. संतसाहित्य, राज्यघटना, मुक्तिसंग्राम, दुष्काळ. संतकवी मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावात तर वक्त्याने जरा जपूनच बोलावं. मी विषय कळवला तेव्हा संयोजक फोनवर थोडा वेळ गप्प झाले आणि मग म्हणाले, "सर, शीर्षक जरा सौम्य करता येईल का?" मी नाही म्हटलं. शीर्षक सौम्य केलं असतं, तर ज्याच्यासाठी बोलायचं तोच घरी बसला असता.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते आयुष्यभर शिक्षक होते. वर्गात सगळ्यात मागे बसणाऱ्या मुलाकडे त्यांचं पहिलं लक्ष जायचं, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आजचं व्याख्यान त्या मागच्या बाकाबद्दल आहे. तिथे बसणारी सगळीच मुलं अभ्यासात मागे असतात असं नाही. काही जण तिथे बसतात कारण मागे कुणी नसतं, बाजूला भिंत असते आणि तोंड उघडायची वेळ कमी येते. आपल्या तोंडाला वास येतो, या एका विचाराने ती मुलं तिथे गेलेली असतात.

मी दातांचा डॉक्टर आहे. त्यामुळे हा विषय माझ्याकडे रोज खुर्चीत येऊन बसतो. मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. तोंडाचा वास हा एक आजार आहे आणि वासाची भीती हा दुसरा. दोन्ही बरे होतात. पण एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दोन्ही बळावतात. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं हेच होतं.

आधी कॉलेज सुरू होणं म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यात काय असतं ते पाहू. आष्टी-पाटोद्याचा, शिरूर कासारचा किंवा धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातला मुलगा दहावीनंतर गाव सोडतो. कुणी बीडला, कुणी इथे अंबाजोगाईत, कुणी छत्रपती संभाजीनगरला जातं. ज्याच्या घरच्यांनी डॉक्टर-इंजिनिअरचं स्वप्न पाहिलंय त्याला 'लातूर पॅटर्न'साठी लातूरला धाडतात. तिथे कॉट बेसिसवर खोली मिळते. एका खोलीत तीन-चार कॉट, एकच खिडकी आणि अनोळखी मुलं. गावात माणसं अंगणात बसून, ओट्यावरून, बांधावरून बोलतात. मधे मोकळी हवा असते, आवाजही मोठा असतो. कॉलेजात एका मोबाइलच्या पडद्याभोवती पाच डोकी एकत्र येतात. एसटीत तिघांच्या सीटवर चौघं बसतात. प्रयोगशाळेत एका उपकरणावर चार जण वाकलेले असतात. दुसऱ्याचा श्वास इतक्या जवळून लागण्याची वेळ या मुलांवर आयुष्यात पहिल्यांदाच येते. त्यातच बोलीवरून कुणी हसेल, कपड्यांवरून कुणी 'गावाकडचा' म्हणेल, ही धास्ती असतेच. त्या धास्तीला चिकटायला एक जागा हवी असते. तोंड ही त्यातली सगळ्यात सोयीची जागा, कारण तोंड लपवता येतं आणि वास दाखवता येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत याला आणखी एक पदर आहे. दिवाळी झाली की कोयता निघतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माणसं परत येतात. मधले पाच-सहा महिने मूल एकतर फडावर असतं, नाहीतर गावात आजीजवळ. दाढेला कीड लागली तर ती कोण बघणार? आगाऊ उचल घेतलेल्या बापाला मुकादमाकडे दातासाठी सुट्टी मागता येत नाही. मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते, आजी म्हणते, "जरा मिसरी लाव, ठणका बसंल." मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ठणका तात्पुरता बसतो, सवय मात्र कायमची लागते. कीड आत सरकत राहते. असं मूल अकरावीत येतं तेव्हा त्याच्या तोंडात खरोखरच एक-दोन दुखऱ्या जागा असतात. त्याला आपण 'तोंडाचं एवढं मनावर घेऊ नको' असं सांगत असू, तर तो धीर खोटा आहे.

आता वास येतो कुठून ते पाहू. आपल्याकडे सर्रास समज आहे की तोंडाला वास येतो म्हणजे पोट साफ नाही. मग चूर्ण, काढा, एरंडेल सुरू होतं. खरं म्हणजे अन्ननलिका एरवी मिटलेली असते. पोटातली हवा सतत तोंडात येत नाही, ढेकर आल्यावर थोडी येते. बहुतेक वेळा वासाचा उगम तोंडातच असतो. बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या दवाखान्यात तोंडाच्या वासाची तक्रार घेऊन आलेल्या २००० माणसांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या साधारण चारांतल्या तिघांच्या बाबतीत कारण तोंडातच सापडलं. कधी जिभेवरचा थर, कधी हिरड्यांचा आजार, कधी दोन्ही मिळून. नाक-घसा आणि बाकीच्या शरीराशी संबंधित कारणं फार थोडी निघाली. त्या पाहणीतला आणखी एक आकडा आहे. त्याकडे मी नंतर येतो.

जिभेचा मागचा भाग आरशात नीट दिसत नाही. तिथे खाचाखोचा असतात. अन्नाचे बारीक कण, मेलेल्या पेशी आणि नाकामागून उतरणारा शेंबूड तिथे साचतो. हवा न लागणारे जंतू त्यावर जगतात, प्रथिनं फोडतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात. एकाचा वास सडक्या अंड्यासारखा, दुसऱ्याचा कुजक्या कोबीसारखा. कॅनडातल्या जोसेफ टॉन्झेटिच या संशोधकाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हे वायू उपकरणांनी मोजून दाखवले. पण जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळातून दुर्गंधी येते ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ती स्पष्ट सांगितली आहे. जीभ खरवडायच्या पट्ट्या सोने, चांदी, तांबे, कथील, पितळ यांच्या असाव्यात असंही तिथे आहे, आणि दात दिवसातून दोन वेळा घासावेत असंही. दोन हजार वर्षांनी आम्ही दवाखान्यात तेच सांगतो आणि त्याची फी घेतो.

हिरड्यांचं कारण दुसरं. दातांवर कीटण साचलं की हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं, आणि हिरडी व दात यांच्या मधल्या फटीत जंतू वाढतात. तिसरं कारण नेमकं कॉलेजच्या वयाचं आहे, अक्कलदाढ. सतरा-अठरा वर्षांच्या पुढे ती उगवायला लागते. जागा कमी पडली तर अर्धीच वर येते आणि तिच्यावर हिरडीची एक चकती राहते. त्या चकतीखाली भाकरीचा कण गेला की तो बाहेर निघत नाही. तोंड उघडायला त्रास, गालात ठणका आणि वास. माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. तिला घरातल्या सगळ्यांनी, मैत्रिणींनी आणि एका समुपदेशकानेही सांगितलं होतं की हे सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत. मी खालच्या जबड्याच्या टोकाला हिरडीच्या चकतीखाली पाण्याची बारीक पिचकारी मारली. तिथून जे बाहेर आलं ते मनातलं नव्हतं. चकती काढली, पुढे दाढही काढली, वास गेला. तिला महिनोन्महिने धीर देणाऱ्यांपैकी एकालाही तिच्या तोंडात बघावंसं वाटलं नव्हतं.

चौथी गोष्ट लाळ. लाळ तोंड सतत धूत असते. झोपेत ती कमी होते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. राजाच्याही येतो, डॉक्टरच्याही येतो. उपवासाला पाणीही कमी प्यायलं की येतो. आता आपल्या गावाकडच्या मुलींचा दिवस पाहा. पहाटे उठून स्वयंपाकाला हात लावायचा, पहिली एसटी गाठायची, बहुतेकींचा नाश्ता राहून जातो. कॉलेजात स्वच्छतागृह असतंच असं नाही. असलं तर त्याला कडी नसते, कडी असली तर पाणी नसतं. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी दोनपर्यंत तोंड कोरडंठाक. चावणं नाही, पाणी नाही, मग लाळ कुठून येणार? अशा मुलीला आपण माउथवॉश घ्यायला सांगतो. तिला आधी कडी असलेलं स्वच्छतागृह हवं आहे. कॉलेजच्या संचालक मंडळातली माणसं समोर बसलेली दिसतात, म्हणून हे जरा मोठ्याने म्हणतो.

लसूण-कांद्याचं वेगळं आहे. ठेचा-भाकरीतल्या लसणातला एक वायू रक्तात जातो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतो. कितीही दात घासा, तो लगेच जात नाही. काही तासांनी आपोआप जातो. तो आजार नाही, ते जेवण आहे. टॉन्सिलच्या खड्ड्यांत पांढरे दाणे साचणं, सायनसचा त्रास, काही औषधं आणि क्वचित मधुमेह हीही कारणं असतात. पण ती डॉक्टरने शोधायची. तोंड तपासून झाल्याशिवाय तिकडे वळायचं कारण नाही.

आता मगाशी राखून ठेवलेला आकडा. लूव्हेनच्या त्या २००० माणसांपैकी सुमारे १६ टक्के माणसांच्या तोंडाला वास नव्हताच, भीती मात्र होती. म्हणजे शंभरातली सोळा माणसं आपला वास तपासून घ्यायला दवाखान्यात आली आणि तो सापडलाच नाही. याचं एक कारण असं की आपल्याला आपल्या तोंडाचा वास नीट कळत नाही. नाक सततच्या वासाला सरावतं. ओंजळ तोंडासमोर धरून फुंकर मारली तर जिभेच्या मागचा वायू फारसा हातात येत नाही. तेल अवीव विद्यापीठातले मेल रोझेनबर्ग यांनी लोकांना स्वतःच्या तोंडाला गुण द्यायला लावले आणि तटस्थ माणसाने दिलेल्या गुणांशी ते ताडून पाहिले. दोन्ही फारसे जुळले नाहीत. काहींना वास असून पत्ता नव्हता, काहींना वास नसून खात्री होती.

वास नसताना जो माणूस खात्री बाळगतो, त्याची खात्री कशावर उभी असते? इतरांच्या चेहऱ्यांवर. शेजारच्याने नाक खाजवलं, माझ्यामुळे. कुणी खिडकी उघडली, माझ्यामुळे. कुणी मागे सरकलं, माझ्यामुळे. आता मे-जूनच्या बीडमध्ये खिडकी कोण उघडत नाही? आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ बघता नाक कोण खाजवत नाही? पण भ्यालेल्या मुलाच्या हिशेबात उन्हाळाही नसतो, धूळही नसते.

अशा एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. ओळख पटेल असा तपशील गाळतो. तो दारातून आत येतानाच रुमाल तोंडाशी धरून आला. बोलताना मान वळवायचा. खिशात च्युइंगम, लवंग, वेलची आणि माउथवॉशची छोटी बाटली. दिवसातून किती वेळा दात घासतोस विचारलं तर म्हणाला, "प्रत्येक लेक्चरनंतर." त्याच्या हिरड्या घासून घासून सोलवटल्या होत्या. मी तपासलं. कीड नाही, कीटण नाही, अक्कलदाढ नाही. प्लॅस्टिकच्या चमच्याने जिभेच्या मागचा थर हलकेच खरवडला, थोडा वाळू दिला आणि वास घेतला. आमच्याकडची ही साधी चाचणी आहे आणि तिच्यापुढे यंत्रं फार पुढे गेलेली नाहीत. वास नव्हता. मी तसं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

त्याचा आजार या वाक्यात आहे. ज्याला फक्त शंका असते तो तपासणीनंतर सुटकेचा निःश्वास टाकतो, आठवडाभरात विसरतो. ज्याला भीतीने धरलेलं असतं त्याला कुठलीच तपासणी पुरत नाही. विल्यम प्राइस-फिलिप्स यांनी १९७१ मध्ये अशा रुग्णांचं सविस्तर वर्णन केलं. जपानमध्ये आपल्या अंगाच्या वासाने दुसऱ्याला त्रास होतो या भीतीची मानसोपचारात बऱ्याच आधीपासून नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत या भीतीला आता स्वतंत्र जागा मिळाली आहे, ती सक्तीच्या विचारांच्या आजारांशेजारी. म्हणजे हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्याचा आणि तोंड पुन्हा पुन्हा घासणाऱ्याचा आजार एकाच भावकीतला. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत आणि गरज पडल्यास गोळ्याही आहेत.

भीतीची आणखी एक खोड आहे. माणूस घाबरला की लाळ आटते, तोंड कोरडं पडतं. तोंडी परीक्षेच्या वेळी जीभ टाळूला चिकटते ते याचमुळे. म्हणजे वासाच्या भीतीने तोंड कोरडं पडणार, कोरडेपणाने थोडा वास येणार आणि भीतीला पुरावा मिळणार. वर अल्कोहोल असलेला माउथवॉश दिवसभर वापरला तर कोरडेपणा आणखी वाढणार. भीतीवर वासाचं औषध घेतलं की असं होतं.

ही भीती कुणी पेरली हेही बघायला हवं. लिस्टरीन नावाचं जंतुनाशक १८७९ मध्ये अमेरिकेत जोसेफ लॉरेन्स यांनी तयार केलं, ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून. ते होतं शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायला. पुढे ते तोंड धुण्याचं औषध म्हणून विकायचं ठरलं, तेव्हा त्याला गिऱ्हाईक हवं होतं. ते १९२० च्या दशकातल्या जाहिरातींनी तयार केलं. गोष्ट ठरलेली असायची. मुलगी देखणी आहे, गुणी आहे, पण लग्न जमत नाही, कारण तिच्या तोंडाला वास येतो आणि तिची जिवलग मैत्रीणही तिला ते सांगत नाही. औषध खपलं. मात्र त्या जाहिरातींनी सांगितलेली एक गोष्ट औषधापेक्षा जास्त टिकली: जवळचं माणूसही तुला खरं सांगणार नाही. आजच्या टूथपेस्टच्या जाहिरातीत दोन तरुण चेहरे जवळ येतात तेव्हा हीच जुनी भीती नव्या दातांनी हसत असते.

आपल्या गावात या भीतीचा एक फार वाईट इलाज रुजला आहे. तोंडाचा वास झाकायला पोरं सुगंधी सुपारीची नाहीतर गुटख्याची पुडी फोडतात. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो टपरीवर मिळतो की नाही, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि सुपारी तंबाखूशिवायही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. सुपारीने गालाच्या आतलं मऊ अस्तर आवळत जातं, पांढुरकं पडतं, तिखट सोसेनासं होतं आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. आपल्या तोंडात तीन बोटं उभी जातात का, घरी जाऊन बघा. विशीतल्या मुलांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत असं मी वरचेवर पाहतो. त्यातल्या काहींनी सुपारीला हात लावला होता तो फक्त तोंडाचा वास झाकायला.

मग करायचं काय? विद्यार्थी मित्रहो, हे तुमच्यासाठी. पहिलं काम, एका माणसाला विचारा. एकाच, विश्वासाच्या. आई, बहीण, खोलीतला एखादा शहाणा मित्र. सरळ विचारा, "माझ्या तोंडाला वास येतो का? खरं सांग." आणि त्याने नाही म्हटलं तर तेवढ्यावर थांबा. दुसऱ्याला, तिसऱ्याला विचारत फिरू नका. दुसरं काम, एकदा तोंड दाखवा. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग आहे. इथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. बीडला, लातूरला, संभाजीनगरला दंत महाविद्यालयं आहेत, तिथे शिकणारी मुलं तुमच्याच वयाची आहेत. कीटण काढून घेतल्याने दात हलतात हा गैरसमज सोडा. कीटणाने धरून ठेवलेला दात आधीच हललेला असतो, साफ केल्यावर तो तुम्हाला जाणवतो इतकंच.

कारण सापडलं तर काम सोपं आहे. रात्री झोपण्याआधीचं दात घासणं चुकवू नका, सकाळी तर घासायचेच. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, दोन मिनिटं. जीभ मागून पुढे, ओकारी येणार नाही इतपत, तांब्याच्या पट्टीने किंवा ब्रशने हलक्या हाताने घासा. दातांच्या फटींत अडकलेलं दोऱ्याने काढा. काडी आणि सेफ्टीपिन वापरू नका. सकाळी काहीतरी चावून खा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, जेवणानंतर चूळ भरा. दात पिवळट दिसतात म्हणून वास येतो असं समजू नका. आपल्या भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते डाग म्हणजे घाण नाही आणि त्यांना वास नसतो. ते घासून काढायचा प्रयत्न केला तर फक्त दात झिजतात.

कारण सापडलं नाही आणि भीती मात्र गेली नाही, तर दुसऱ्या आजाराचं औषध सुरू करा. ते उलट्या दिशेचं आहे. तपासणं कमी करायचं. ओंजळीत फुंकर मारणं, आरशात जीभ बघणं, दर तासाला माउथवॉश, हे सगळं भीतीचं खाद्य आहे. एकेक कमी करा. रुमाल खिशात ठेवा. आज शेजारच्याला एक प्रश्न विचारा, उद्या दुसऱ्या बाकावर बसा, परवा वर्गात एक उत्तर द्या. घशाला कोरड पडेल, पडू द्या. थोड्या वेळाने भीती आपणहून ओसरते, हे अनुभवाने पटतं, सांगून पटत नाही. कॉलेजला जाणं सुटत असेल, जेवण सुटत असेल, जिवाचं काही करावंसं वाटत असेल, तर थांबू नका. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे गेल्याने कुणी वेडा ठरत नाही. दाढ दुखली तर माझ्याकडे येता, तसं मन दुखलं तर तिथे जायचं. मघाचा तो रुमालवाला विद्यार्थीही शेवटी तिथे गेला. आता तो वर्गात बोलतो. भीती अजून कधीकधी डोकं वर काढते, असं तो सांगतो. पण ती भीती आहे, वास नाही, हे त्याला आता ओळखता येतं.

आता मोठ्यांसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्यात शून्य ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी होते आणि दातांच्या तक्रारीही त्यात येतात. म्हणजे नेमकी ज्या वयात अक्कलदाढ उगवते, सुपारीची पुडी हातात येते आणि चारचौघांत तोंड उघडायची लाज वाटायला लागते, त्याच वयात मूल या तपासणीतून बाहेर पडतं. पुढे ते नोकरीला लागेपर्यंत त्याचं तोंड कुणीही बघत नाही. राज्याने स्वच्छ मुख अभियान काढलं, २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर त्याचे सदिच्छादूत झाले, चांगली गोष्ट आहे. पण भिंतीवरच्या फलकाने दाढ तपासली जात नाही.

आणखी एक. कुणाच्या तोंडाला खरोखर वास येत असेल तर त्याला सांगायचं कसं, हे आपण कधी शिकलोच नाही. आपण एकतर काहीच बोलत नाही, नाहीतर चौघांत नाक दाबून हसतो. हसणारा पाच मिनिटांत विसरतो, ज्याच्यावर हसलो तो तीन वर्षं मागच्या बाकावर बसतो. सांगायचं असेल तर एकट्याला, कमी शब्दांत, पुढची वाट दाखवून: "राग मानू नको. दोन-चार दिवस तुझ्या तोंडाला वास येतोय. दाढ दुखतेय का? चल, दाखवून येऊ." इतकंच. 'दाखवून येऊ' मधला 'येऊ' महत्त्वाचा, त्याला एकट्याला पाठवू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या जाहिरातीने शिकवलं होतं की मित्र खरं सांगत नाही. ते खोटं ठरवणं आपल्या हातात आहे.

इथल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि संचालकांना माझी विनंती आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी रक्तगट विचारता, तशी पहिल्या महिन्यात एक दिवस दंततपासणी ठेवा. गावात डॉक्टर आहेत, दंत महाविद्यालयांची पथकं बोलावलं तर येतात. त्याच दिवशी एक समुपदेशकही बसवा, कारण तोंड तपासल्यावर ज्याला काही सापडणार नाही त्यालाही कुणीतरी भेटायला हवं. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि नळाला पाणी त्याआधी लावा. याला फार खर्च येत नाही. हे यंदाच्या प्रवेशापासून करा, पुढच्या वर्षावर टाकू नका.